जपानी घरातले पहिले पंधरा दिवस: सारखं वाटतं तिथेच चुकतं

पुण्यातून जपानला शिकायला जाणाऱ्या मुलांची भाषेची तयारी चोख असते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात नाहीतर एखाद्या खासगी वर्गात दोन-तीन वर्षं घातलेली असतात, कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, वह्या भरलेल्या असतात. जपानी कुटुंबात राहायची तयारी मात्र एका वाक्यात उरकली जाते: "तेही आपल्यासारखेच आहेत गं, चपला काढून आत जातात, भात खातात, मोठ्यांचा मान ठेवतात." वाक्य खरं आहे आणि अडचणीचं मूळही तेच आहे. जे अगदी निराळं दिसतं तिथे माणूस थांबतो आणि विचारतो. जे आपल्या घरासारखं दिसतं तिथे हातपाय सवयीने चालतात आणि चार बोटांचा फरक नजरेतून निसटतो.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, जपानचं अंगण बघायला मिळतं. ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे. अंगण ओलांडून घरात शिरल्यावर काय होतं ते या लेखात सांगायचं आहे. दोन ते चार आठवड्यांच्या भाषा-कार्यक्रमाला जाणारे बहुधा पूर्ण वेळ कुटुंबाकडे राहतात. वर्षभरासाठी जाणाऱ्यांना बऱ्याचदा वसतिगृह मिळतं आणि कुटुंबाकडे शनिवार-रविवारपुरतं जाणं होतं. दोघांनाही पहिले दिवस सारखेच लागतात.

दारापासून सुरुवात करू. आत पाऊल टाकलं की खालच्या पातळीवरचा एक चौकोन लागतो आणि त्यापुढे पायरी. जुन्या घरात ती वीतभर उंच असते, फ्लॅटमध्ये जेमतेम दोन-तीन बोटं. या चौकोनाला गेनकान म्हणतात. आपल्याकडे चपला दाराबाहेर रॅकवर काढतो आणि मोज्यांनी किंवा अनवाणी दोन पावलं चालून उंबरठा ओलांडतो. तीच दोन पावलं इथे चुकतात. चौकोनाची जमीन 'बाहेरची' असते. तिच्यावर मोज्याचा पाय टेकला की मोजे बाहेरचे झाले आणि तेच घेऊन तुम्ही आत चाललात. म्हणून बुटातून एक पाय काढायचा तो थेट पायरीवर ठेवायचा, मग दुसरा. वर आल्यावर यजमानांकडे सरळ पाठ न करता जरा तिरकं वळून, गुडघ्यावर बसून बुटांची टोकं दाराकडे करायची आणि जोडी कडेला सरकवायची. नाड्यांचे बूट असतील तर हे सगळं एका पायावर तोल सांभाळत करावं लागतं आणि मागे माणसं ताटकळतात. सरकवून घालता येतील असेच बूट न्या.

अनवाणी पायांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे अनवाणी पाय घरात स्वच्छच समजले जातात. तिथे दिवसभर सँडलमध्ये घामेजलेला उघडा पाय दुसऱ्याच्या जमिनीवर ठेवणं बरं दिसत नाही. सँडल घातली असेल तर पिशवीत मोज्यांची जोडी हवी, आणि ती बोटाशी फाटलेली नको. याहून सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सुटकेसची चाकं. विमानतळ, स्टेशन, रस्ता यांवरून फिरलेली चाकं घरात गडगडत न्यायची नाहीत. गेनकानमध्येच ओल्या कापडाने पुसा आणि बॅग उचलून खोलीत न्या. तातामीवर, म्हणजे गवताच्या विणलेल्या जाड चटयांच्या जमिनीवर, चाकं कधीच फिरवू नका. विणीवर पडलेली चाकोरी जात नाही.

आतल्या सपाता घरातल्या पॅसेजसाठी आणि लाकडी जमिनीसाठी असतात. तातामीच्या खोलीबाहेर त्या काढायच्या. संडासाच्या सपाता निराळ्या आणि त्या संडासातच राहतात. त्या घालून जेवणाच्या टेबलापर्यंत येणं ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची चूक. कोणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना दिसतं.

आता अंघोळ. हा भाग सावकाश वाचा, कारण घरातल्या सगळ्यांची संध्याकाळ त्यावर अवलंबून असते. न्हाणीघरात बुटकं स्टूल असतं, पाणी घ्यायला लहानसं भांडं असतं, जमिनीला उतार आणि पाणी जायला जाळी असते. पाटावर बसून तांब्याने अंघोळ केलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचं वाटतं. पण स्टुलावरची अंघोळ ही फक्त पूर्वतयारी. साबण, शाम्पू, खंगाळणं सगळं तिथे पूर्ण करायचं, अंगावर फेसाचा कण ठेवायचा नाही, आणि मग शेजारच्या टबात शिरायचं. टबात अंग धुवायचं नाही, नुसतं शेकत बसायचं. पाणी ४० ते ४२ अंशांचं असतं, साधारण १८० ते २०० लिटर, आणि तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात.

या एका गोष्टीतून बाकीचे नियम आपोआप निघतात. टबात साबण नाही, टॉवेल बुडवायचा नाही, लांब केस वर बांधायचे, आणि बाहेर पडताना बूच ओढायचं नाही. बादलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकायची आपली सवय इथे सर्वांत महागात पडते: टब पुन्हा भरायला आणि तापवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, गॅस जळतो आणि दिवसभर दमून आलेलं कोणीतरी टॉवेल घेऊन थांबून राहतं. बाहेर आल्यावर टबावर झाकण ठेवायचं म्हणजे पाणी गार होत नाही. जाळीत अडकलेले आपले केस उचलून कचऱ्यात टाकायचे. बऱ्याच घरांत हेच पाणी दुसऱ्या दिवशी पाइपने कपडे धुण्याच्या यंत्रात घेतात, त्यामुळे ते स्वच्छ राहण्याला दुहेरी महत्त्व आहे.

खोबरेल तेलाबद्दल वेगळं सांगायला हवं. आदल्या रात्री डोक्याला तेल चोपडून दुसऱ्या दिवशी न्हायचं, हा कित्येक घरांतला रविवारचा क्रम. जपानी घरात त्याचे दोन परिणाम होतात. उशीच्या अभ्र्यावर आणि फुतोनवर, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गादीवर, न जाणारा डाग पडतो, आणि केस एकदाच धुतले असतील तर टबाच्या पाण्यावर तवंग येतो. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावा, शाम्पू दोनदा करा आणि त्या दिवशी टबात उतरू नका. उशीवर स्वतःचा जुना टॉवेल घाला. दिवाळीत तिथे असलात तर अभ्यंगाचंही हेच.

पहिल्या रात्री टबात तीन ते पाच मिनिटंच बसा. प्रवासाचा थकवा, अर्धवट पोट आणि ४२ अंशांचं पाणी एकत्र आलं की एकदम उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कडेला धरून हळूहळू उठा. भिंतीवर बटणांचा फलक असतो: 'ओयुहारि' म्हणजे टब भरणं, 'ओइदाकि' म्हणजे गार झालेलं पाणी पुन्हा तापवणं. 'योबिदाशि' हे बटण दिव्याचं समजून बरेच जण दाबतात आणि स्वयंपाकघरात घंटा वाजते, कारण ते मदतीला बोलावण्याचं बटण आहे.

पाहुण्याला बहुधा पहिला नंबर देतात. इथे आपला "नको नको, आधी तुम्ही" उपयोगाचा नाही. तुमच्यामागे तीन-चार जणांची रांग लागलेली असते आणि तुम्ही नाही म्हटलंत की सगळ्यांचंच अडतं. "ओसाकि नि," म्हणजे "तुमच्याआधी जातो हं," एवढं म्हणायचं आणि अर्ध्या तासात बाहेर यायचं. कपडे बदलायची बाहेरची खोली कोरडी ठेवायची असते, तेव्हा अंग आतच निथळून, पुसून या.

सकाळच्या अंघोळीशिवाय दिवस सुरू होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: जपानी घर रात्री न्हातं. सकाळी सहाला शॉवर सुरू केला तर पातळ भिंतींतून पाण्याचा आणि गॅसच्या गिझरचा आवाज सगळीकडे जातो. सकाळी पाच मिनिटांचा शॉवर घेतला तर चालेल का, हे जरूर विचारा, बरीच कुटुंबं हो म्हणतात. आमचं मत मात्र असं की पहिले पंधरा दिवस त्यांच्या वेळेला न्हावं आणि सकाळी हातपाय-तोंड धुऊन निघावं. रात्री शेकून झोपल्यावर थंडीत झोपही चांगली लागते.

संडास न्हाणीघरापासून वेगळा आणि पूर्ण कोरडा असतो. जमिनीला जाळी नसते, त्यामुळे पाण्यासाठी मग वापरला आणि पाणी सांडलं तर ते लाकडात मुरतं. बहुतेक नव्या घरांत पाण्याच्या फवाऱ्याची सोय बैठकीतच असते, आणि ही सवय आपल्याला आधीपासूनच आहे. 'ओशिरि' हे मागचं बटण, 'बिदे' हे बायकांसाठीचं, चौकोनाची खूण असते ते बंद करायचं. जोर आधी सगळ्यात कमी करून घ्या आणि बसल्याशिवाय काही दाबू नका. टॉयलेट पेपर भांड्यातच टाकून पाणी सोडायचं. पॅड वगैरे मात्र कोपऱ्यातल्या छोट्या डब्यात.

जेवणाकडे येऊ. शाकाहारी मुलांची खरी कसोटी इथे आहे, आणि ती जपानला पोचल्यावर नाही तर अर्ज भरतानाच सुरू होते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशि, एक पातळ सार. ते बहुतेक वेळा कात्सुओबुशिचं, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचं, नाहीतर निबोशिचं, म्हणजे सुकटीसारख्या बारीक माशांचं असतं. मिसो सूप, शिजवलेला भोपळा, पालकाची कोशिंबीर, नूडल्सचं पाणी, ऑम्लेट, या सगळ्यांत दाशि असते. यजमान काकूंना ती 'मासा' वाटतच नाही, जसं आपल्याला फोडणीतलं हिंग वेगळा पदार्थ वाटत नाही. म्हणून अर्जात 'शाकाहारी' एवढाच शब्द लिहिला तर मटण-चिकन टाळलं जातं आणि सूप माशाचंच येतं. कोणी फसवत नसतं. शब्दाचा पल्लाच तिथे तेवढा असतो.

अर्जात आणि आधीच्या पत्रात तीन ओळी स्पष्ट लिहा: मांस आणि मासे खात नाही, माशाची दाशिही चालत नाही, अंडं आणि दूध चालतं की नाही. बोलताना: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशि मो ताबेमासेन." लगेच पुढे पर्यायही सांगा, कारण नुसतं 'नाही' ऐकलं की समोरचा गोंधळतो. कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाची आणि सुक्या शिताके अळंब्यांची दाशि शाकाहारी असते, चवीला उत्तम असते आणि किराणा दुकानात सहज मिळते. 'कोम्बु दाशि' हे दोन शब्द घरातलं अर्धं कोडं सोडवतात.

तयार पदार्थांत आणखी सावध राहायला हवं. करीच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. नूडल्सच्या तयार साराच्या बाटलीत मासा असतो. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, शाकाहारी असतं, पण त्याच्या डब्यातल्या चिमुकल्या सॉसच्या पुडीत बहुतेकदा माशाचा अर्क असतो. भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेत मासा असतोच असं धरून चाला. कामाबोको आणि चिकुवा पनीरसारखे दिसतात, असतात माशाचे. पाकिटावर ॲलर्जीचा तक्ता असतो, त्यावर विसंबून राहू नका: त्यात सक्तीने लिहायचे पदार्थ मोजकेच आहेत, जसे अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड. मासा त्यांत नाही. घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. ज्यांना कांदा, लसूण, मुळाही चालत नाही त्यांनी कुटुंबात राहण्याऐवजी स्वतः रांधता येईल अशी जागा बघावी, असं आम्ही स्पष्टच सांगतो. यजमानांवर रोज वेगळी पंगत मांडायची वेळ येते आणि जेवण हा दोघांसाठीही ताण होतो.

जेवायला बसल्यावरचे दोन निषेध मराठी घरात वाढलेल्याला एका क्षणात कळतात. चॉपस्टिक भाताच्या वाटीत उभ्या रोवायच्या नाहीत, कारण मृत माणसापुढे ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. आपल्याकडे श्राद्धाचा पिंड कोणी गंमत म्हणून जेवणाच्या ताटात ठेवेल का? आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशाच उचलतात. सावडणं ज्याने पाहिलं आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. वाटी मात्र हातात उचलून खायची. ताट जागेवर ठेवून वाकून खाणं आपल्याकडे रीतीचं, तिथे ते अजागळ दिसतं. भाताची वाटी डाव्या तळहातावर, सूप वाटीलाच तोंड लावून. भातावर सूप किंवा सोया सॉस ओतून वरणभातासारखं कालवू नका. शेवटचं शीत संपवणं दोन्हीकडे सारखंच.

"अजून घे ना" हा आग्रह तिथे आपल्याइतका लांबत नाही. एकदा, फार तर दोनदा विचारतात. मनात हवं असताना भिडेने नको म्हटलंत तर वाटी रिकामीच राहील. 'दाइजोबु देस' हे उत्तर तर देऊच नका, त्याचा अर्थ 'चालेल' आणि 'नको' असा दोन्ही होतो आणि वाढणारी बाई डाव हातात धरून उभी राहते. हवं असेल तर "ओनेगाइशिमास", पोट भरलं असेल तर "ओनाका इप्पाइ देस".

जेवणाआधी 'इतादाकिमास' आणि नंतर 'गोचिसोसामा देशिता' म्हणायचं. ज्या घरात 'वदनी कवळ घेता' म्हणून जेवायला बसतात तिथल्या मुलांना हे जड जात नाही. घरातून निघताना जो शब्द आहे तो तर मराठी माणसाला आधीपासूनच येतो. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जा' म्हटलं तर आजी रागावते, 'जाऊन ये' म्हणायचं असतं. 'इत्तेकिमास' म्हणजे अक्षरशः जाऊन येतो, आणि आतून उत्तर येतं 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. परत आल्यावर 'तादाइमा', त्यावर 'ओकाएरि'. हे चार शब्द दाराशीच, ऐकू जाईल असे म्हणायचे. न बोलता खोलीत शिरणारी मुलगी नाराज आहे असा अर्थ घेतला जातो. वाक्यरचना आपल्यासारखी, क्रियापद शेवटी, आणि वाक्याच्या टोकाचं 'ने' म्हणजे आपलं 'ना': "ओइशी देस ने", छान झालंय ना.

मात्र हाक मारताना जपून. यजमान बाईंना आपण मनात काकू म्हणतो आणि काकूचं भाषांतर शब्दकोशात 'ओबासान' असं मिळतं. पंचेचाळिशीच्या बाईला परक्या मुलीने ओबासान म्हटलं की ते वयावर बोट ठेवल्यासारखं लागतं. त्यात 'बा' लांबला तर 'ओबाआसान', म्हणजे आजीच झाली. बहुतेक घरांत पाहुण्या मुलांनी 'ओकाआसान', 'ओतोओसान' म्हटलेलं आवडतं, काहींना नावापुढे 'सान' बरं वाटतं. पहिल्याच संध्याकाळी विचारा: "नान तो ओयोबि शितारा ई देस का?"

घरात बुत्सुदान असेल तर तो देवघर समजू नका. फुलं, उदबत्ती, सकाळचा भाताचा नैवेद्य, सगळं देवघरासारखंच दिसतं. पण तिथे घरातल्या गेलेल्या माणसांची पूजा असते, त्यांचे फोटो असतात. आपल्याकडे गेलेल्यांची तसबीर देवांच्या ओळीत बसवत नाहीत, तसंच आपला गणपती तिथे ठेवायचा नाही. हात जोडावेसे वाटले तर परवानगी घेऊन जोडा, कुटुंबाला फार बरं वाटतं. आपला छोटा देव खोलीतल्या टेबलावर ठेवा, पण उदबत्ती आणि निरांजन नको: तातामीवर पडलेली एक ठिणगी कायमचा काळा डाग करते.

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंनी ओला आणि सुका कचरा वेगळा करायची चांगली सवय लावली आहे. तिथे तीच सवय थोडी मोडावी लागते. बहुतेक शहरांत ओला कचरा पाणी निथळवून मळक्या कागदांसोबत 'जळणाऱ्या' कचऱ्यात जातो, आणि सुका मात्र चार-पाच प्रकारांत फुटतो: प्लॅस्टिक, डबे, काच, कागद, प्लॅस्टिकच्या बाटल्या. बाटलीचं झाकण आणि वेष्टण काढायचं, बाटली विसळायची. प्रत्येक प्रकाराचा वार ठरलेला असतो आणि पिशवी त्याच दिवशी सकाळी ठेवायची असते. चुकीची पिशवी उचलली जात नाही, तिथेच पडून राहते, आणि शेजाऱ्यांपुढे मान खाली जाते ती यजमानांची. फ्रिजवर तक्ता लावलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे पुण्याच्या ऐन उन्हाळ्यातून निघून तुम्ही तिथल्या गार संध्याकाळीत उतरता. रस्त्यापेक्षा घरातच जास्त थंडी वाजते. सगळं घर एकदम गरम करायची पद्धत नाही, माणसं बसली असतील तेवढीच खोली तापवतात. म्हणून दार उघडं टाकू नका. अंगात घालायचे गरम कपडे चेक-इनच्या सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा. एसीच्या रिमोटवर 'दानबो' म्हणजे गरम, 'रेइबो' म्हणजे गार. फुतोन रोज सकाळी घडी करून कपाटात ठेवायचा. दिवसभर पसरून ठेवला तर खाली घामाची ओल धरते आणि तातामीला बुरशी येते. नवा सुती कुर्ता पुण्यातच तीनदा धुऊन न्या. त्याचा रंग यजमानांच्या पांढऱ्या कपड्यांवर गेला तर ते "काही हरकत नाही" म्हणतील, आणि तुम्हाला महिनाभर रुखरुख लागेल.

स्वयंपाक करून खाऊ घालायची हौस सगळ्यांनाच असते. चांगली गोष्ट आहे, पण दोन दिवस आधी विचारून, सुटीच्या दिवशी, पंखा आणि खिडकी उघडून. मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास पडद्यांत राहतो आणि धुराने छतावरची घंटा वाजू शकते. पहिल्या खेपेला बटाट्याची पिवळी भाजी आणि वरणभात करा. मिरची निम्म्याहून कमी.

वीज १०० व्होल्टची आणि पिना दोन चपट्या. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर तो चालतो. पुण्यातला मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड घरीच ठेवा. ताजी फळं, कढीपत्ता, भाज्या नेऊ नका, वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय त्या विमानतळावर सोडत नाहीत, आणि मांसाचे पदार्थही चालत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एका महिन्याहून जास्त लागणार असतील तर आधी परवानगीपत्र काढावं लागतं. सर्दीच्या काही गोळ्यांत असलेलं स्यूडोएफेड्रिन प्रमाणाबाहेर असेल तर तिथे मनाई आहे, आणि ॲम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. वर्षभराच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी राहायला लागल्यापासून १४ दिवसांत नगरकचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. यजमानांचा पत्ता जपानी लिपीत कागदावर लिहून घ्या.

भेटवस्तू छोटी आणि नीट गुंडाळलेली असावी, दोन्ही हातांनी द्यावी, आणि नगांची संख्या चार नसावी, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. चितळ्यांची बाकरवडी हवाबंद पाकिटात छान टिकते, फक्त तिखट आहे हे आधी सांगा. पैठणीच्या कापडाचा बटवा आवडतो. मोठी समई किंवा मूर्ती नको, घरं लहान असतात.

दोन वेळा पाठ करून ठेवा. पहिली: रात्री जेवायला घरी नसाल तर दुपारी चारपर्यंत 'लाइन' या मेसेजिंग ॲपवर निरोप. "क्यो वा गोहान इरिमासेन," एवढं पुरे. तोवर न कळवलं तर तुमच्या वाटणीचं शिजलेलं असतं आणि बाई वाट बघत बसते. दुसरी: जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. पुण्यात आई रात्री नऊला निवांत होऊन फोन करते तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात आणि भिंतीपलीकडे माणसं झोपलेली असतात. पुण्याच्या दुपारी साडेचार ते साडेपाच, म्हणजे तिथले आठ ते नऊ, ही वेळ घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा.

चूक झाली तर जपानी यजमान सहसा तोंडावर बोलत नाहीत. "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धं सोडलं की तो नकार समजायचा. "न्हाणीघरात पाणी जरा जास्तच गरम होतं का हो?" असं विचारलं तर कदाचित तुम्ही फार वेळ घेतला असा अर्थ असतो. दुसऱ्या आठवड्यात मुलं म्हणतात की सगळं छान चाललंय, आणि तेव्हाच कार्यक्रमाच्या समन्वयकाकडे यजमानांचा फोन आलेला असतो. म्हणून अंदाज बांधण्याऐवजी पहिल्या रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसा आणि विचारून लिहून घ्या: अंघोळीची वेळ आणि क्रम, कपडे कोण आणि कधी धुतं, किल्ली, रात्री किती वाजेपर्यंत यायचं, फ्रिजमधलं काय घेतलं तर चालतं, कचऱ्याचे वार, भूकंप झाला तर जमायची जागा कोणती. आठव्या दिवशी पुन्हा एकदा विचारा, "मी काही बदलायला हवं का?" पहिल्या रात्री जे सांगायला संकोच वाटला होता ते आठव्या दिवशी सांगितलं जातं.

निघायच्या सकाळी चादरी आणि अभ्रे काढून, घडी करून ठेवा, खोलीतला कचरा प्रकारांप्रमाणे वेगळा करा. पुण्याला पोचल्यावर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं पत्र टाका, जपानीत, चुका असल्या तरी चालतील, सोबत घरातल्या सगळ्यांचा एक छापलेला फोटो. तो बहुधा फ्रिजवर, कचऱ्याच्या तक्त्याशेजारी लागतो.